वाचकांचे प्रश्न: मासा आहे, पण पल्ल्यात आहे का?

समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरं देत आहोत. पत्रं बहुतेक मुंबईची आहेत. लांबलेले प्रश्न थोडे आवरले आहेत.

ससून डॉक, भाऊचा धक्का, वर्सोवा इथे रोज एवढा मासा उतरतो. थंडीत कुरवांचे (सीगलचे) थवेच्या थवे असतात. मासा असेल तिथे समुद्रपक्ष्यांची वसाहत होते, असं वाचलं होतं. मग मुंबईत कुरवाचं एकही घरटं का नाही? (भांडुप)

तुम्ही पाहता ते कुरव पाहुणे आहेत. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख आणि तिबेटच्या उंच सरोवरांवर अंडी घालतो. काळ्या डोक्याच्या कुरवाची वीण उत्तरेकडच्या देशांत होते. नोव्हेंबर ते मार्च ते इथे फक्त पोट भरतात. पिल्लं नसलेल्या पक्ष्याला घरी परतायची घाई नसते. आज ससून डॉक, उद्या उरण, परवा अलिबाग, असं त्याला चालतं. अंडी घातली की तो एका बिंदूला बांधला जातो आणि तिथून पुढे सगळा हिशेब अंतराचा होतो.

शिवाय धक्क्यावर उतरलेला मासा म्हणजे पक्ष्याला मिळणारा मासा नव्हे. डोल जाळ्यात सापडणारा बोंबील किंवा ट्रॉलरनं तळाजवळून ओढलेली कोळंबी सुरय (टर्न) या समुद्रपक्ष्याच्या चोचीत कधीच येत नाही. सुरय हवेतून सूर मारतो, तो जेमतेम अर्धा मीटर खोल जातो. त्याला बोटभर लांबीचा मासा पृष्ठभागाजवळ हवा. म्हणजे पल्ला दोन्ही अंगांनी मोजायचा: घरट्यापासून किती लांब आणि पाण्यात किती खोल.

आणि जागा? जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला उंदीर, मांजर, कुत्रा नसलेला खडक लागतो. मुंबईभोवतीच्या बेटांवर माणूस पोचला आहे, आणि माणसाच्या होडीतून उंदीर पोचतोच. कावळे आणि घारी तर शहरानंच पोसल्या आहेत.

एलिफंटाच्या लाँचवरून लोक कुरवांना शेव-गाठ्या टाकतात. या आयत्या खाण्यामुळे ते इथेच राहून वीण करतील का? (माझगाव)

नाही. परतायचं कधी हे दिवसाची लांबी आणि शरीरातली संप्रेरकं ठरवतात, गाठ्या नाहीत. मात्र परतीच्या उड्डाणाआधी त्यांना माशातली प्रथिनं आणि चरबी साठवायची असते. तळलेलं खारट बेसन त्या कामाचं नाही. टाकू नका.

मोठ्या वसाहतीभोवतीचा समुद्र पक्षीच रिकामा करतात, असं ऐकलं. एवढ्या मोठ्या समुद्रात मूठभर पक्ष्यांनी काय फरक पडणार? हे कुणी मोजलं आहे का? (ठाणे)

मोजलं आहे, पण कल्पना मांडल्यावर बऱ्याच वर्षांनी.

दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर १९५७ ते १९५९ या काळात ब्रिटिश पक्षी-अभ्यासकांची मोहीम होती. तिच्यात फिलिप अ‍ॅशमोल होते. १९६३ मध्ये त्यांनी असं मांडलं की विणीच्या काळात सगळे पक्षी एकाच बेटावरून निघतात आणि तिथेच परततात, म्हणून बेटाजवळचा मासा आधी संपतो. वसाहत जितकी मोठी, तितकं लांब जावं लागतं. एका टप्प्यावर फेऱ्या इतक्या लांबतात की पिल्लाचं पोट भरत नाही आणि वसाहतीची वाढ थांबते. चंद्राभोवती खळं पडतं तसं वसाहतीभोवती माशांच्या टंचाईचं हे खळं. अभ्यासक त्याला अ‍ॅशमोलचंच नाव देतात.

हिशेब करून पाहा. तुरेवाला सुरय पिल्लासाठी एका वेळी एकच मासा चोचीत आडवा धरून आणतो. वेग ताशी ४० किलोमीटर धरा आणि मासा शोधायला अर्धा तास धरा. मासा १० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन अर्धा तास, म्हणजे फेरी एक तासाची. बारा तासांच्या उजेडात बारा मासे. तोच मासा ४० किलोमीटरवर गेला तर फेरी अडीच तासांची आणि दिवसाला चार, फार तर पाच मासे. पिल्लू लहान असताना एक पालक राखणीला बसलेला असतो, त्यामुळे आणणारा एकच. चार माशांत भागलं नाही की दुसराही उडतो, पिल्लू उघडं पडतं आणि टपलेल्या शिकारी पक्ष्याचं फावतं. पाहणाऱ्याला वाटतं शिकारी पक्ष्यानं पिल्लू मारलं. खरं कारण ३० किलोमीटर लांब गेलेला मासा असतं.

मूठभर पक्ष्यांनी काय होणार, या तुमच्या शंकेचं उत्तर वर्तुळाच्या क्षेत्रफळात आहे. त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्र चौपट होतं. म्हणून मासा सगळीकडे सारखा पसरलेला असेल तर पक्षी चौपट झाले तरी पल्ला दुप्पटच होतो. ऐकायला हे सोपं वाटतं, पण वरच्या हिशेबात १० किलोमीटरचे २० झाले तरी दिवसाचे बारा मासे आठवर येतात.

आता पुरावे. १९८४ मध्ये फर्नेस आणि बर्कहेड या अभ्यासकांनी ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या गॅनेट, शॅग, पफिन आणि किटिवेक या चार समुद्रपक्ष्यांच्या वसाहती तपासल्या. ज्या वसाहतीच्या पल्ल्यात स्वजातीचे शेजारी जास्त, ती वसाहत लहान, असं निघालं. १९८७ मध्ये कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटाजवळ माणसांनी पाण्याखाली बुड्या मारून मासेच मोजले. पाणकावळ्यांच्या पल्ल्यातल्या खाड्यांत तळाचा मासा विरळ होता, पल्ल्याबाहेरच्या खाड्यांत दाट. २०१३ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडभोवतीच्या १२ वसाहतींतल्या गॅनेटना जीपीएस लावून पाहिलं. शेजारच्या वसाहतींनी समुद्र जवळजवळ वाटून घेतला होता. भांडण नाही, हद्दीची राखण नाही. दुसऱ्याच्या वसाहतीजवळ जाऊन मासा मिळत नाही, एवढ्यावर वाटणी झालेली.

२०२१ मध्ये गाडी परत असेन्शनवर आली. जहाजावरून उडणारे मासे मोजत गेल्यावर बेटाजवळ ते कमी आणि लांब जावं तसे जास्त आढळले. या खळ्याची त्रिज्या १५० किलोमीटरहून मोठी निघाली.

एक सावधगिरी. हे खळं सगळीकडे सारखं दिसत नाही. जिथे प्रवाहाबरोबर रोज नवा मासा वाहून येतो, तिथे ते लगेच भरून निघतं. ठिकाणाला चिकटून राहणाऱ्या माशांत ते स्पष्ट दिसतं.

माझं गाव वेंगुर्ल्याजवळ आहे. समोरच्या खडकांवर सुरयांची वसाहत आहे म्हणतात. तिथेच का? अख्ख्या कोकणात दुसरा खडक नाही? (लालबाग)

वेंगुर्ला रॉक्स किंवा बर्न्ट आयलंड म्हणतात ते हेच. सुरय तिथे अंडी घालतात आणि खडकांतल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची वसाहत आहे, त्याच पाकोळ्या ज्यांची लाळेची घरटी चोरून विकली जात. पक्षी-अभ्यासक ए. ओ. ह्यूम १८७५ मध्ये तिथे जाऊन आले होते.

वर आलेल्या दोन्ही अटी इथे एकत्र पुऱ्या होतात. खडक किनाऱ्यापासून इतके दूर की कुत्रा-कोल्हा पोचत नाही, आणि भोवतालचं पाणी लहान तारली-मांदेलीच्या जातीच्या माशांनी भरलेलं. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यांमुळे खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. केरळ-कर्नाटकाकडे हा जोर जास्त आणि उत्तरेकडे येताना तो ओसरत जातो. खडक कोकणात पुष्कळ आहेत, पण खडक, एकांत आणि मासा हे तिन्ही एका पल्ल्यात बसणारे फार थोडे.

लक्षद्वीपमधलं पक्षी पिट्टी हे दुसरं उदाहरण. सुमारे १.२ हेक्टरचं निर्मनुष्य वाळूचं बेट, आपल्याकडच्या एखाद्या शाळेच्या मैदानाएवढं, आणि तिथे सुरय आणि नॉडी यांची वीण होते. इथलं गणित थोडं निराळं आहे. काळा-पांढरा सागरी सुरय बुडी मारू शकत नाही. खालून कुपा म्हणजे ट्युना लहान माशांना वर रेटतो, तेव्हाच त्याला घास मिळतो. म्हणूनच तिथले मच्छीमार घिरट्या घालणारे पक्षी पाहून कुप्याचा माग काढतात. कुपा कमी झाला तर लहान मासा वाढेल आणि पक्ष्यांचं फावेल, असा सरळ हिशेब कुणी करू नये. लहान मासा खोलातच राहील आणि पक्षी उपाशी.

गावी गेलात तर विणीच्या काळात होडी खडकाला लावू नका. अंडी गोळा करणं तर वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाच आहे. पण नुसतं उतरण्यानंही नुकसान होतं. पक्षी उडाले की उघड्या खडकावरची अंडी उन्हात काही मिनिटांत शिजतात.

आम्ही मासेमारी करतो. तारली-बांगडा एका वर्षी येतो, दुसऱ्या वर्षी फिरकत नाही. आम्ही होडी वळवतो. पक्षी वसाहत का वळवत नाहीत? (मढ)

वळवतात, पण फार उशिरा. समुद्रपक्षी दीर्घायुषी असतात आणि बहुतेक जाती एकदा वीण केलेल्या जागी, पुष्कळदा त्याच घरट्यावर, वर्षानुवर्षं येतात. जोडीदार तिथेच भेटतो, खडक ओळखीचा असतो. एक वर्ष मासा आला नाही तर पक्षी ते वर्ष सोडून देतो. अंडी घालत नाही किंवा पिल्लू टाकून स्वतः जगतो. वीस-तीस वर्षांच्या आयुष्यात हा सौदा त्याला परवडतो. मासा कायमचा सरकला की मात्र हाच स्वभाव अंगाशी येतो.

दक्षिण आफ्रिकेत नेमकं हेच झालं. पश्चिम किनाऱ्यावर डासेन आणि रॉबेन बेटांवर आफ्रिकन पेंग्विनच्या वसाहती आहेत. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून तारली आणि अँचोव्ही पूर्वेकडे सरकले. तुमची होडी अशा वेळी दुसऱ्या बंदराला लागेल. पेंग्विन उडत नाही आणि पिल्लं असताना पोहून फार तर वीस-चाळीस किलोमीटरच जातो. बेटं जागेवर राहिली, मासा सरकला, पेंग्विन घटत गेले. २०२४ मध्ये ही जात अतिसंकटग्रस्त यादीत गेली.

पेरूमध्ये मासा सरकतो तो खाली. १९५० च्या दशकाच्या मध्यात तिथल्या खत-बेटांवर पाणकावळे, बूबी आणि पेलिकन मिळून दोन कोटींहून अधिक पक्षी होते आणि सगळ्यांची भिस्त अँचोव्हीवर. एल निन्यो आलं की वर कोमट पाण्याचा थर बसतो आणि अँचोव्ही खोल जातो. तो समुद्रात असतो, पण बुडीच्या पल्ल्यात नसतो. १९५७-५८ च्या आणि १९६५ च्या एल निन्योत पक्षी लाखांनी मेले. मधल्या काळात अँचोव्हीची औद्योगिक मासेमारी इतकी वाढली होती की दुसऱ्या तडाख्यानंतर त्यांची संख्या पूर्वीइतकी झालीच नाही.

स्कॉटलंडजवळच्या शेटलँडचं उदाहरण तुमच्या धंद्याच्या जवळचं आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तिथल्या आर्क्टिक सुरयांची पिल्लं सलग काही वर्षं जवळजवळ जगलीच नाहीत. कारण सँडईल हा वाळूत दडणारा लहान मासा घटला होता. १९९१ मध्ये त्याची मासेमारी थांबवली. त्याच काळात खोल बुडी मारणारे पक्षी तुलनेनं तगले. समुद्र तोच, टंचाई तीच, पण मार पडला तो वरच्या अर्ध्या मीटरवर जगणाऱ्यांवर.

मासा किती उरला की पक्ष्यांना झळ बसते? २०११ मध्ये जगातल्या सात सागरी प्रदेशांतल्या १४ जातींच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. लहान माशांचा साठा त्याच्या सर्वाधिक पातळीच्या एक तृतीयांशाखाली गेला की पिल्लं जगण्याचं प्रमाण घसरायला लागतं. त्याच्या वर मासा आणखी वाढला म्हणून पिल्लं त्या प्रमाणात वाढत नाहीत. आपल्याकडची १ जून ते ३१ जुलैची बंदी माशांच्या विणीसाठी आहे, पक्ष्यांसाठी नाही. वसाहतीभोवती ठरावीक त्रिज्येत मासेमारी बंद ठेवण्याचा मार्ग दक्षिण आफ्रिकेनं घेतला आहे. तिथेही खरा वाद त्रिज्या किती याचाच होता.

एकमेकांचा घास पळवायचा असेल तर मुळात गर्दी कशाला करतात? (डोंबिवली)

सुरक्षित खडक थोडे, हे पहिलं कारण. पण गर्दीत बातमीही मिळते. पेरूतले ग्वानाय पाणकावळे वसाहतीसमोर पाण्यावर मोठा ताफा करून बसतात. मासा मिळवून परतणाऱ्या रांगा ज्या दिशेनं येतात, त्या बाजूला ताफा सरकत राहतो. नव्यानं निघणारा पक्षी आधी ताफ्यात उतरतो आणि तिथून दिशा घेतो. मासा मोठ्या पण विखुरलेल्या झुंडींत असेल तर एकट्यानं शोधण्यापेक्षा हे फायद्याचं. झुंड इतकी मोठी असते की वाटेकरी वाढले तरी चालतात.

आम्हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अन्न आणि वसाहत यांचा संबंध मुंबईतच तपासायचा आहे. समुद्रपक्ष्यांची वसाहत इथे नाही. मग काय करता येईल? (विलेपार्ले)

सारंगागार घ्या, म्हणजे बगळे-पाणकावळ्यांची झाडांवरची एकत्र वसाहत. जून ते सप्टेंबर मुंबईतल्या वर्षावृक्षांवर, पिंपळांवर आणि खारफुटीत छोटा बगळा, वंचक, रातबगळा आणि छोटा पाणकावळा एकत्र घरटी करतात. तुलनेला छोटा बगळा आणि छोटा पाणकावळा ही जोडी चांगली. बगळा चिखलात चालत मासा टिपतो, म्हणून ओहोटीवर अवलंबून. पाणकावळा बुडी मारतो, तळ्यातही भागवतो. भरती-ओहोटीचा फरक बगळ्याच्या फेऱ्यांत दिसावा आणि पाणकावळ्याच्या फेऱ्यांत कमी दिसावा, हा तुमचा अंदाज. रातबगळा सोडा, त्याच्या बऱ्याच फेऱ्या अंधारात होतात.

झाडापासून २० ते २५ मीटरवर एकच जागा पक्की करा. झाडाचं रेखाचित्र काढून प्रत्येक जातीच्या किमान दहा घरट्यांना क्रमांक द्या आणि पिल्लांची डोकी मोजा. दोघांची जोडी हवी, एक पाहणारा आणि एक लिहिणारा. पालक आला ती वेळ, पिल्लांनी त्याची चोच धरली का, आणि तो उडाला ती वेळ, एवढंच लिहा. सत्र दोन तासांचं.

वेळेसाठी कोळीवाड्यातला जुना हिशेब वापरा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे सकाळी साडेसाताला ओहोटी. दशमीला त्याच साडेसाताला भरती. दोन्ही दिवशी सकाळी साडेसहा ते साडेआठ बसलात तर घड्याळ तेच राहतं आणि फक्त पाणी बदलतं. नेमक्या मिनिटांसाठी भरतीचं छापील कोष्टक पाहा.

यात एक खोच आहे. द्वितीया उधाणाची, दशमी भांगाची, म्हणजे पाण्याच्या कमी चढउताराची. म्हणजे तुम्ही नुसती ओहोटी आणि भरती नाही, तर उधाणाची ओहोटी आणि भांगाची भरती ताडून पाहत असता. उधाणाला चिखल कितीतरी जास्त उघडा पडतो. म्हणून दशमीलाच दुपारी साडेबारा ते अडीच आणखी एक सत्र घ्या, तेव्हा भांगाची ओहोटी असते. तिन्ही सत्रं किमान तीन पंधरवड्यांत पुन्हा करा.

हमखास होणाऱ्या चुका: काडी घेऊन आलेला पालक घास घेऊन आला असं मोजणं. नर-मादी सारखेच दिसतात हे विसरून ‘हाच पक्षी ४० मिनिटांनी परतला’ असं लिहिणं. खात्री नसेल तर फक्त येण्याची वेळ लिहा. आकडा घरट्यामागे न काढता दर पिल्लामागे, दर तासाला काढा, नाहीतर चार पिल्लांचं घरटं उगाच सुखी दिसतं. तीनेक आठवड्यांची पिल्लं फांद्यांवर चढून शेजाऱ्यांत मिसळतात, तेव्हा त्या घरट्याची नोंद थांबवा. मुसळधार पावसाची सत्रं वेगळी ठेवा.

झाडाखाली पिल्लांनी ओकलेले मासे पडतात. हातमोजे घालून ते आलेख-कागदावर ठेवा, लांबी मोजा, फोटो काढा. निवटी निघाली तर खाडीचा चिखल, तिलापिया निघाला तर बहुधा तळं. पल्ल्याचा याहून स्वस्त पुरावा नाही. फांदी हलवू नका, वर चढू नका. पालक उडाले की कावळे तयारच असतात. आणि टोपी घाला.

जुलैत दादर चौपाटीवर बदकाहून मोठा, पांढरा-काळा, लांब चोचीचा पक्षी बसून होता, उडतच नव्हता. लोक त्याला पाण्यात ढकलत होते. काय करायला हवं होतं? (दादर)

वर्णनावरून तो बूबी असावा, बहुधा मास्क्ड बूबी. पावसाळी वाऱ्यांत खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर फेकले जातात आणि त्यात उपाशी बरेच असतात. उपासमार ओळखायची सोपी खूण म्हणजे छातीचं मधलं हाड. धडधाकट पक्ष्यात ते दोन्ही बाजूंच्या स्नायूंत दडलेलं असतं, उपाशी पक्ष्यात सुरीच्या पात्यासारखं हाताला लागतं. असा पक्षी पाण्यात ढकलला की भिजतो, गारठतो आणि मरतो.

जाड टॉवेल डोक्यासकट अंगावर टाकून पाठीमागून उचला. चोच डोळ्यांकडे येते, म्हणून तोंड लांब ठेवा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाला कोरडं कापड घालून, अंधारात ठेवा. मासा भरवू नका, चोचीत पाणी ओतू नका. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. आणि चोचीला चिकटपट्टी किंवा रबरबँड कधीही लावू नका. बूबीला बाहेरून उघड्या नाकपुड्या नसतात, तो चोचीच्या कडेच्या फटीतून श्वास घेतो. चोच आवळली की तो खोक्यातच गुदमरतो.